सोमसूत्री प्रदक्षिणा

मळसूत्र पिळीत जावे, मनगटाला त्याचा वाढता विरोध जाणवत जावा, आणि आता शेवटचा एक फेरा दिला की संसारातले निदान एक काम तरी तडीस गेले असे म्हणून कपाळीचा घाम पुसावा, अशा त्या मंगल क्षणी एकाएकी सारा विरोध मावळावा आणि ते मळसूत्र ताकातल्या रवीसारखे निर्वेध गरगरू लागावे, यासारखा मानभंग गृहस्थाश्रमी पुरुषाच्या वाट्याला क्वचितच येत असेल. मोडणारी वस्तू निदान सरळपणे मोडते. तिचे दोन तुकडे जमिनीवर पडतात, त्यांच्याकडे बोट दाखविता येते, आणि दोष कोणाचा यावर घरात साधकबाधक चर्चा होऊ शकते. येथे मात्र काहीच मोडलेले नसते. मळसूत्र शाबूत, तक्ता शाबूत, बिजागरी शाबूत; त्यांचा एकमेकांवरचा विश्वास तेवढा उडालेला असतो. आमचे शेजारी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, त्यांच्या उपमा मात्र अद्याप निवृत्त झालेल्या नाहीत. ते हा प्रकार पाहून म्हणाले, "न ऐकणाऱ्या शिपायाचं काही करता येतं हो, त्याला मेमो देता येतो. पण प्रत्येक हुकुमाला 'होय साहेब' म्हणून जागच्या जागी फिरणाऱ्याचं काय करणार?"

ज्याला आता लहानथोर सारे स्क्रू म्हणतात त्याला मी मळसूत्र म्हणतो, हे वयाचे लक्षण समजावे. चाळीस वर्षे शाळेत मराठी आणि संस्कृत शिकविले की मनुष्य वस्तू दुरुस्त करण्यापूर्वी तिचे नाव दुरुस्त करू लागतो. कारागीर मंडळींचा शब्दसंग्रह याहून रोकडा असतो. मळसूत्राच्या अंगावरच्या पिळाला ते आटे म्हणतात, आणि ते पिळण्याच्या हत्याराला आमच्याकडे सर्रास डिसमिस म्हणतात. हा शब्द प्रथम कानी पडला तेव्हा अव्वल कारकून खुर्चीत नीट सावरून बसले होते.

कपाट घरी आले ते कपाट म्हणून नव्हे; कपाटाविषयीची एक दरखास्त म्हणून आले. दोन पोरांनी दोन खोकी तीन जिने चढवून आणली, कागदावर माझी सही घेतली, आणि जे काही घडावयाचे ते माझ्या हातून घडावे अशी व्यवस्था करून ती पोरे निघून गेली. या पद्धतीचा उगम स्वीडनमध्ये सांगतात. तेथे १९५६ साली गिलिस लुंडग्रेन नावाच्या गृहस्थांना एक टेबल मोटारीत घालून न्यावयाचे होते. ते मावेना, म्हणून त्यांनी त्याचे पाय काढले, आणि त्या काढलेल्या पायांवर पुढे एक अवाढव्य व्यापार उभा राहिला. माझ्या कपाटाच्या कर्त्यांचा त्या सद्गृहस्थांशी काडीचाही संबंध नाही. ते कर्ते कोण, हे मी सांगणार नाही. त्यांच्याविषयी मला पुष्कळ भले वाटते असे नाही, परंतु एका भोकासाठी कोणाची अब्रू काढावी इतके ते भोक मोठे नव्हते. निदान आरंभी नव्हते.

अव्वल कारकुनांच्या समक्ष खोक्यांचा रीतसर पंचनामा झाला. तक्ते अकरा, लाकडी खुंट्या चोवीस, मळसूत्रे तीन जातींची मिळून बहात्तर, काटकोनात वाकविलेली षट्कोनी किल्ली एक, आणि जुळणीचा कागद एक. या कागदावर एकही अक्षर नव्हते. केवळ चित्रे, बाण आणि आकडे. ज्याने जन्मभर मुलांना वाचावयास शिकविले त्याने म्हातारपणी अक्षरशून्य चित्रलिपीपुढे हात टेकावे, हा न्याय मला फार झोंबला. अव्वल कारकुनांनी मात्र तो कागद जमिनीच्या नकाशासारखा उत्तराभिमुख धरला आणि तीन तासांत कपाट उभे केले. मळसूत्रे दोन उरली. "शिल्लक दाखवू," ते म्हणाले.

येथे थोडे वडिलांच्या कपाटाविषयी सांगणे भाग आहे, कारण माझ्या पत्नीने त्या सायंकाळी आणि त्यानंतर अनेक सायंकाळी ते सांगितले. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात वडिलांनी सागवानाचे एक कपाट करवून घेतले होते. सुतार महिनाभर माजघरात बसून होता. करवत, रंधा, पटाशी, सामता आणि सरसाचा उकळता, दुर्गंधी डबा यांनी ते माजघर व्यापले होते, आणि अखेर जे कपाट सिद्ध झाले ते इतके भव्य होते की ते दारातून बाहेर जाणार नाही ही गोष्ट कोणाच्या ध्यानातच आली नाही, कारण ते कोठे जाईल अशी कोणाला शंकाच नव्हती. पुढे वाडा पाडावयाची वेळ आली तेव्हा आधी दाराची चौकट काढावी लागली आणि मग कपाट बाहेर आले. नव्या सदनिकेत ते शिरेना. ते पुतण्याच्या शेतावरच्या घरी गेले, तेथे त्यात आता बी-बियाणे आणि फवारणीचा पंप असतो, आणि त्याच्या बिजागऱ्यांचे एकही मळसूत्र साठ वर्षांत तसूभर हललेले नाही, असे पुतण्या दर दिवाळीला न विचारता सांगतो.

याचे कारण सुताराच्या पुण्याईत जितके आहे तितकेच सागाच्या तंतूंत आहे. मळसूत्र लाकडात शिरते तेव्हा ते आपली वाट आपणच कोरते. तंतू किंचित बाजूला सरतात, आट्यांच्या खाचांत शिरून घट्ट बसतात, आणि मग त्या दोघांचा असा काही तहनामा होतो की एकाला ओढले तर दुसरा सुटत नाही. माझ्या नव्या कपाटात तंतूच नव्हते. त्याचा तक्ता कपच्यांचा होता, ज्याला बाजारात पार्टिकल बोर्ड म्हणतात. मॅक्स हिमेलहेबर नावाच्या जर्मन संशोधकाने १९३० च्या दशकात ही युक्ती काढली. सुतारकामात वाया जाणाऱ्या कपच्या आणि भुसा गोळा करावा, त्यात कृत्रिम राळ कालवावी आणि तापलेल्या दाबयंत्रात त्याचे थालीपीठ थापावे. हेतू उदात्त होता, त्याला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. उसाच्या चिपाडाचेही असे तक्ते होतात. म्हणजे ज्या चिपाडाचा रस साखर होऊन आपल्या चहात गेला, त्याच्याच देहावर आपण आपले सदरे टांगतो. या तक्त्याची रचना करंजीसारखी असते. दोन्ही अंगांना बारीक दळाची गुळगुळीत पारी, आणि मध्ये भरड, रवाळ सारण. वरून लाकडाचे चित्र छापलेला कागद चिकटविला की झाले. आता करंजीच्या पारीत टाचणी टोचली तर ती थोडीफार धरते. पण तीच कडेने सारणात खुपसली तर तिच्याकडून निष्ठेची अपेक्षा करू नये. कपाटाच्या कर्त्यांनी अर्ध्याहून अधिक मळसूत्रे कडेने खुपसण्याची योजना केली होती.

तरीही पहिल्या जुळणीत सारे धरले होते, हे मान्य केले पाहिजे. राळ आणि कपच्या यांत आटे एकदा सुबक कोरले जातात आणि कोणी छेडले नाही तर वर्षानुवर्षे तसेच राहतात. संकट येते ते दुसऱ्यांदा. दोन वर्षांनी आम्ही याच इमारतीत समोरच्या अंगाला बिऱ्हाड बदलले आणि कपाट उतरवून पुन्हा उभे करणे प्राप्त झाले. त्या वेळी अव्वल कारकून काशीयात्रेला गेले होते, आणि दुर्दैवाने पुतण्या गावाहून आला होता. त्याच्याजवळ बॅटरीवर चालणारे एक पिस्तुलासारखे यंत्र होते. बोट दाबताच ते घर्र करून मळसूत्र आत घालत असे आणि पुरे झाले हे सांगण्याऐवजी एखाद्या वक्त्याप्रमाणे आणखी थोडे चालत असे. ते आणखी थोडे म्हणजेच सर्वनाश. मळसूत्राचे डोके तक्त्याला टेकले की त्याला पुढे जावयास जागा उरत नाही. पण आटे फिरतच राहतात, आणि जे त्यांनी स्वतः कोरलेले असते तेच ते दळून टाकतात. भोकातून बारीक पिठी गळाली. पुतण्या म्हणाला, "काका, फिट बसलं." वरच्या बिजागरीचे मळसूत्र त्यानंतर बारा दिवस तेथे राहिले आणि तेराव्या दिवशी दार माझ्या हातात आले.

आपल्या समाजात आजारी माणसाला जितके सल्लागार मिळतात तितकेच मोकळ्या भोकाला मिळतात, हे मला तेव्हा कळले. पहिला उपाय मी माझ्याच बुद्धीने योजला. आखूड मळसूत्र धरत नाही, तर लांब घालावे. तक्त्याची जाडी अठरा मिलिमीटर, आणि मी हार्डवेअरच्या दुकानातून आणलेले मळसूत्र पंचवीस मिलिमीटरचे, ही वजाबाकी मी शाळेत शंभर वेळा करवून घेतली असती, पण स्वतः केली नाही. सात मिलिमीटरचे लखलखीत टोक कपाटाच्या बाहेरच्या अंगाला, छापील सागवानाच्या ऐन डोळ्यांतून बाहेर आले. पत्नीने त्यावर एक शब्दही न बोलता किल्ल्यांचा जुडगा अडकविला. दुसऱ्या उपायात लांबीऐवजी जाडी वाढविली. तेव्हा तक्त्याची कड अशी दुभंगली की आतले सारण उघड्यावर आले, आणि ते भोक सोडून मला त्याच्या शेजारच्या भोकाची काळजी वाहावी लागली. वर्तमानपत्राचा बोळा कोंबून पाहिला. अग्रलेखाचा कागद असूनही त्याने काही धरले नाही. एम-सील भरले ते खरोखरच दगडासारखे झाले, परंतु कडेच्या पिठीला न चिकटता, साचातून पडावी तशी त्या भोकाची हुबेहूब प्रतिकृती होऊन ते अखंड बाहेर आले. ती मी जपून ठेवली आहे.

काशीहून परतलेल्या अव्वल कारकुनांनी गिट्टीची शिफारस केली. भिंतीत खिळा धरत नाही तेव्हा वीजवाले जी नळी ठोकतात ती गिट्टी. हिचा इतिहास रोचक आहे आणि तो त्यांनी मला उभ्याने ऐकविला. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या भिंती न फोडता विजेची उपकरणे कशी बसवावी या पेचातून जॉन रॉलिंग्ज नावाच्या कंत्राटदाराने १९११ च्या सुमारास ही नळी शोधून काढली, आणि ती पहिल्यांदा तागाचे तंतू प्राण्यांच्या रक्ताने चिकटवून केलेली होती. सांप्रतची प्लॅस्टिकची असल्यामुळे पूर्ण शाकाहारी आहे, असे त्यांनी आवर्जून सांगितले. मात्र गिट्टीचे सामर्थ्य फुगण्यात असते. मळसूत्र आत गेले की ती फुगते, विटेची भिंत तिला फुगू देत नाही, आणि त्या कुचंबणेतून पकड निर्माण होते. माझ्या तक्त्याने तिला हवे तितके फुगू दिले.

अखेरीस मी मिस्त्रींना बोलाविले. मिस्त्री आले, दार बाजूला ठेवले, भोकात करंगळीचे नख घातले, पिठी बोटावर घेऊन पाहिली आणि वैद्याने नातेवाइकांकडे पाहावे तसे माझ्याकडे पाहिले.

"काका, यात लाकूड कुठाय?"

मी गप्प राहिलो.

"उदबत्ती लावता का घरात?"

प्रश्नाचा रोख मला आध्यात्मिक वाटला. शास्त्र संपले आणि आता प्रार्थनेवर आले, असे समजून मी काहीशा खिन्नतेने सांगितले की सकाळ-संध्याकाळ लावतो. "काड्या टाकू नका," मिस्त्री म्हणाले. "घेऊन या."

उदबत्ती जळून गेल्यावर घरात बांबूची जी तांबडी, निरुपयोगी काडी उरते, तिच्या अंगी एवढी योग्यता असेल असे मला आजवर कधी वाटले नव्हते. मिस्त्रींनी प्रथम भोक झटकून, फुंकून निर्मळ केले. पिठीवर काहीच चिकटत नाही, हे एम-सीलच्या प्रकरणाचे उत्तर मला अनायासे मिळाले. मग त्यात पांढरा फेविकॉल सोडला, तोच, जो १९५९ साली बाजारात आला आणि ज्याने पुढे सरसाच्या दुर्गंधी डब्याला घरोघरच्या माजघरातून हुसकून लावले. त्यात काड्या एकामागून एक अशा दाटीने बसविल्या की शेवटची हातोडीच्या मुठीने ठोकावी लागली. दोन काड्यांच्या मध्ये फट राहिली तेथे त्यांनी खिशातून आगपेटी काढली, आगकाडीचे गूल मोडून टाकले आणि उरलेली काडी पाचरीसारखी मारली. वर आलेली टोके पटाशीने तक्त्याच्या पातळीला कापली. कडेला जेथे मी जाड मळसूत्राने चीर पाडली होती तेथेही फेविकॉल भरून ती लाकडी शिकंज्यात आवळून ठेवली. भोक फार मोठे असते तर आठ मिलिमीटरचे सरळ भोक पाडून तेवढीच लाकडी खुंटी ठोकली असती, असे ते जाता जाता म्हणाले. आणि मग त्यांनी मला सर्वांत अवघड गोष्ट करावयास सांगितली. "उद्यापर्यंत हात लावू नका."

त्या रात्री घरात दोन वाद झाले. पहिला पत्नीने उपस्थित केला. देवापुढची काडी हे निर्माल्य, आणि निर्माल्य बिजागरीत घालणे धर्माला संमत आहे काय? मी संस्कृताचा आधार शोधू लागलो. पण तिनेच निकाल दिला की कपाटात देवाची सोवळी असतात, तेव्हा हरकत नाही. दुसरा वाद अव्वल कारकुनांचा. मी सहज म्हणालो की कपाटात निदान आता थोडे तरी खरे लाकूड आले. त्यांनी हरकत घेतली. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात वृक्ष या संज्ञेत बांबूचा समावेश होता. २०१७ सालच्या दुरुस्तीने तो त्यातून वगळण्यात आला. वनस्पतिशास्त्र त्याला गवत म्हणतच होते, आता सरकारनेही वृक्षत्वाची सनद काढून घेतली. तेव्हा माझ्या लाकडी कपाटात कायदेशीर लाकूड म्हणजे जोडणीच्या चोवीस खुंट्या आणि एक आगकाडी, असा त्यांचा हिशेब झाला. तो मी तपासून पाहिला. चुकलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले तेव्हा मी यंत्र पुढे केले. ते त्यांनी हातही न लावता बाजूला ठेवले, सुकलेल्या काड्यांच्या मधोमध मळसूत्राहून बारीक असे आरंभीचे भोक पाडले आणि साधा डिसमिस माझ्या हाती दिला. त्या नव्या भोकात मळसूत्र शिरू लागले तसा मनगटाला तो विरोध पुन्हा जाणवला, ज्याची मला तीन महिने आठवण येत होती. मी भावनावश होऊन आणखी एक फेरा देणार तोच त्यांनी माझे मनगट धरले.

"टेकलं की थांबायचं, काका."

खालची, अद्याप धडधाकट असलेली बिजागरी दार बसविण्यासाठी त्यांनी सोडविली होती. तिचे मळसूत्र परत लावताना त्यांनी जे केले ते पाहून मी थक्क झालो. ते त्यांनी प्रथम उलटे फिरविले. सावकाश, डावीकडे, सुटण्याच्या दिशेने. थोडे फिरल्यावर भोकातून टक् असा बारीकसा आवाज आला, मळसूत्र केसभर आत बसले, आणि मगच त्यांनी ते उजवीकडे वळविले. जुने आटे सापडल्यावाचून पिळू लागले तर मळसूत्र जुन्या वाटेला आडवी अशी नवी वाट कोरते, आणि दोन वाटांनी मिळून तिसऱ्या खेपेला वाटच उरत नाही. म्हणून पुढे जाण्याआधी मागे जावयाचे, आणि पुढे गेल्यावर टेकताच थांबावयाचे.

हे मला अपरिचित नव्हते. शंकराच्या देवळात आपण पूर्ण प्रदक्षिणा घालीत नाही. अभिषेकाचे पाणी जेथून वाहते ते सोमसूत्र ओलांडावयाचे नसते. तेथवर जावे, उलट फिरावे, दुसऱ्या अंगाने पुन्हा तेथवर यावे आणि थांबावे. हा नियम मी बालपणापासून पाळत आलो, मुलांना त्याची फोड करून सांगितली, आणि तरीही मळसूत्राला मात्र मी जन्मभर हनुमंताच्या प्रदक्षिणा घातल्या, एकवीस म्हणता पंचवीस. मी हे मिस्त्रींना समजावून सांगितले. त्यांनी ते नीट ऐकून घेतले, हत्यारे पिशवीत भरली आणि अडीचशे रुपये झाले असे सांगितले.

त्याला आता चौदा महिने झाले. उदबत्तीच्या काड्या पत्नी एका बरणीत साठवते आणि इमारतीतली मंडळी येऊन त्या मागून नेतात. अव्वल कारकुनांनी त्यांची नोंदवही घातली आहे. यंत्र पुतण्या परत घेऊन गेला. दार लागते आणि उघडते. मधल्या फळीच्या उजव्या अंगाचे एक मळसूत्र गेल्या पावसाळ्यापासून किंचित सैल आहे. त्याला मी हात लावलेला नाही.